गुरुजींनी बघितलेला कागद

शिरूर कासारच्या आसपासच्या चार-पाच खेड्यांत एक रीत पडून गेली होती. कुणाच्या घरात महत्त्वाचा कागद आला, की तो आधी भागवत गुरुजींकडे जायचा. जातीचा दाखला असो, पोराची गुणपत्रिका असो, नाहीतर तहसीलची नोटीस असो. गुरुजी ओसरीवर बसत, चष्मा पुसत, कागद उजेडाकडे धरत आणि ओळीखाली बोट फिरवत वाचत. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, शिक्का, सही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी हे काम केलं होतं. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहायची आणि खाली 'सत्यप्रत' म्हणून सही ठोकायची. पुढं ते निवृत्त झाले, शिक्का शाळेत राहिला, आणि सरकारनं ती पद्धतही मोडीत काढली. लोकांनी मात्र काही मोडलं नाही. 'गुरुजींनी बघितलाय' म्हटलं, की मग त्या कागदाला दुसरं कुणी हात लावत नसे.

उज्ज्वलाच्या पदवीचा कागदही असाच बघितला गेला होता. आणि आज बीडला त्याच कागदावर तिची नोकरी ठरायची होती.

उज्ज्वला म्हाळू धनगराची थोरली मुलगी. तिचे आईबाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठच्या बागायतीकडे निघायचे, ते मृगाच्या तोंडाला परत यायचे. मुलगी हुशार म्हणून गुरुजींनी तिला चौथीपासून दहावीपर्यंत आपल्या घरी ठेवून घेतलं. बारावीनंतर आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि बिऱ्हाडामागं चालायला घरातलं एक माणूस हवंच झालं. कॉलेज म्हणजे रोजची हजेरी. ते जमणार नव्हतं. तेव्हा तानाजी आला.

तानाजी गुरुजींच्याच हाताखालून गेलेला. शिरूरच्या स्टँडसमोर त्याचं दुकान. फॉर्म भरणं, फोटो, झेरॉक्स, आणि नव्यानं सुरू केलेलं 'घरबसल्या पदवी'चं केंद्र. तो एक चकचकीत पुस्तिका घेऊन गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसला. म्हाळू, त्याची बायको रतनबाई आणि उज्ज्वला समोर बसली होती.

"कालिजाचं तोंड बघायचं काम न्हाई," तानाजी म्हणाला. "मोबाइलवर तास, मोबाइलवर परीक्षा. पोरगी मेंढरामागं चालता चालता बीबीए व्हती बघा. धंदा कसा चालवायचा त्याची डिग्री."

गुरुजींनी विचारायला हवा तोच प्रश्न विचारला. "मान्यता आहे का रे?"

"लई मोठी हाय, गुरुजी." तानाजीनं पान उलटलं. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, मधोमध पृथ्वीचा गोल, खाली पाच तारे. परदेशातल्या कुठल्याशा जागतिक व्यवसाय शिक्षण परिषदेनं त्या विद्यापीठाला दिलेलं. गुरुजींनी बोट फिरवलं. विद्यापीठाचं नाव दोन्हीकडं सारखं होतं. शिक्का ठळक होता. सही होती.

रतनबाई अंगठेबहाद्दर. पण तीच पुढं सरकून म्हणाली, "ह्यो शिक्का मारणारं कोन? ह्यास्नी कुनी सांगितलं, तुमी शिक्का मारा म्हून?"

तानाजी हसला. "काकू, मेंढरू हाय का ते, तोंड उघडून दात बघाया?"

"दात दिसत्यात तरी," रतनबाई म्हणाली. "हितं काय दिसतंय?"

"तू गप रे," गुरुजींनी तानाजीला दटावलं. न शिकलेल्या माणसाच्या प्रश्नाला हसलेलं त्यांना कधी खपत नसे. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मन लावून केली होती. समोरच्याला कळेपर्यंत समजावून सांगणं. ते रतनबाईकडे वळून बसले.

"असं बघा, रतनबाई. आपल्या गावच्या शाळेला तपासायला कोण येतं? केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुखावर कोण? गटशिक्षणाधिकारी. त्यांच्यावर जिल्हा. जिल्ह्यावर राज्य, राज्यावर देश. आणि देशाच्या वर?"

"जग," उज्ज्वला म्हणाली.

"जग. आता ज्याला जगानंच पास केलं, त्याला खालच्यांनी पास केलं का, हे विचारायचं कारण काय?"

रतनबाईनं थोडा विचार केला. मग मान हलवली. "मंग बरोबर हाय."

म्हाळूनं चार मेंढे विकले आणि नाव घातलं.

पुढची तीन वर्षं उज्ज्वला खरोखर शिकली. गेवराईकडच्या उमापूरच्या शिवारात मेंढरं बसलेली असत, ती लिंबाखाली मोबाइल घेऊन बसे. चार्जिंगला ज्याच्या रानात तळ असेल त्याच्या घरी. काही अडलं की गुरुजींना फोन. गुरुजींना त्यातलं काही येत नव्हतं. मग ते बीडहून पुस्तकं मागवून रात्रीचं वाचत आणि सकाळी तिला सांगत. सत्तरीला टेकलेला माणूस घसारा म्हणजे काय आणि ताळेबंद कसा जुळवायचा, हे पाटीवर मांडून बघू लागला. तिसऱ्या वर्षी पोरगीच त्यांना समजावून सांगायला लागली. लोकर व्यापाऱ्याला घाईनं न देता चार बिऱ्हाडांनी मिळून एकदम द्यावी, हे तिनं बापाला पटवलं, आणि व्यापारी पहिल्यांदा स्वतः चालत त्यांच्या तळावर आला. म्हाळू ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगे.

पदवीचा कागद टपालानं आला, तो गुरुजींनी बघितला. नाव बरोबर. वडिलांचं नाव बरोबर. शिक्का पुसट नाही. "कागद चोख आहे," ते म्हणाले.

मग जाहिरात निघाली. तालुक्यातल्या बायकांच्या बचतगटांच्या महासंघाला व्यवस्थापक हवा होता. मान्यताप्राप्त विद्यापीठाची व्यवसाय व्यवस्थापन किंवा वाणिज्यातली पदवी, आणि लेखी परीक्षा. त्या परीक्षेत उज्ज्वला पहिली आली. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी उरली होती. ती झाली की शिरूरलाच खुर्ची, महिन्याचा पगार, आणि मेंढरामागची चाल एका पिढीपुरती तरी थांबणार होती. म्हाळूनं तर रतनबाईला सांगून टाकलं होतं, की येत्या दिवाळीला बिऱ्हाड निघायचं नाही.

पडताळणीला म्हाळू आणि गुरुजी दोघंही सोबत आले. म्हाळूनं नवा पटका बांधला होता. बीडच्या त्या कार्यालयात पडताळणीला वैष्णवी मॅडम होत्या. तिशीच्या, थकल्या डोळ्यांच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी एकेक कागद बाजूला काढला. दहावी, बारावी, जातीचा दाखला, रहिवासी. मग पदवी हातात घेतली, संगणकावर काहीतरी टाइप केलं, आणि त्या थांबल्या. पुन्हा टाइप केलं.

"हा कोर्स तुम्ही ऑनलाइन केला?"

"हो, मॅडम," उज्ज्वला म्हणाली.

"प्रवेश कोणत्या वर्षी?"

उज्ज्वलानं सांगितलं. मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला, आणि गुरुजीही पुढं वाकले.

"ही विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी आहे. ऑनलाइन पदवी द्यायची परवानगी कुणाला, कोणत्या वर्षी, कोणत्या कोर्सला, ते यात असतं. तुमचं विद्यापीठ यात नाही."

"विद्यापीठ खोटं आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"खोटं नाही, सर. त्यांच्या आवारात बसून केलेल्या पदव्या चालतात. ऑनलाइन शिकवायची परवानगी त्यांना नव्हती. त्यांनी ती न घेताच मुलं भरली."

"पण जागतिक मान्यता आहे त्याला." गुरुजींनी पिशवीतून ती पुस्तिका काढली. जपून ठेवली होती. पाच तारे त्यांनी मॅडमसमोर धरले.

मॅडमनी ते पान बघितलं. त्यांना हसू आलं नाही, हे गुरुजींच्या ध्यानात आलं. त्या खुर्ची थोडी पुढं ओढून बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या.

"सर, असं बघा. ही जी परिषद आहे ना, ती म्हणजे एक खासगी संस्था. पैसे भरले की तारे देते. जगानं वगैरे तिला काही नेमलेलं नाही. आपल्याकडे नोकरीला कागद लावायचा तर आपल्या आयोगाची परवानगी लागते. ती नसेल तर वरून कुणीही शिक्का मारला तरी तो रिकामा. तुमच्या मोबाइलवरही दिसतं हे. दाखवू?"

त्यांनी गुरुजींचा मोबाइल घेऊन दाखवलं. कुठं जायचं, काय लिहायचं, वर्ष कुठं निवडायचं. म्हाळूला शिपायानं दिलेला चहा अजून वाफाळत होता, तेवढ्यात झालं सगळं. गुरुजी लहान पोरासारखे बघत राहिले. आपण केलेली ती शाळा, केंद्र, जिल्हा, राज्य, देश, जग अशी शिडी त्यांना आठवली, आणि कानशिलं तापली. ती शिडी त्यांनी कुठं वाचली नव्हती. ओसरीवर बसल्या बसल्या, रतनबाईला कळावं म्हणून स्वतःच रचली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी परीक्षेत पहिली आहे. तुम्ही तिला काहीही विचारा. आत्ता विचारा."

"मला माहीत आहे, सर. तिची उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. असं लिहिलेलं दुसरं कुणी नव्हतं." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिक्षक होता ना? परीक्षेलाच न बसलेल्या मुलाला, त्याला सगळं येतं म्हणून, तुम्ही वरच्या वर्गात घातलं असतं का?"

गुरुजींनी घातलं नसतं. एकदा आमदाराचं पत्र आलं होतं, तरी घातलं नव्हतं. ही गोष्ट ते अभिमानानं सांगत आले होते.

"पुढं त्यांना परवानगी मिळाली तर?" उज्ज्वलानं विचारलं. तिचा आवाज साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"मागच्या वर्षांना लागू होत नाही ती."

"मंजे काय झालं?" म्हाळूनं विचारलं. त्याला बोलणं कळलं नव्हतं, चेहरे कळले होते. "गुरुजी, कागदात कायतरी ऱ्हायलंय का? आनून देतो की."

उज्ज्वलानंच कागद गोळा केले आणि म्हणाली, "कागद चालत न्हाई, आबा. चला."

बाहेर व्हरांड्यात यादीतला दुसरा उमेदवार बसला होता. मोहनरावांचा पुतण्या हनुमान. मोहनराव म्हणजे तालुक्यातलं मोठं नाव, शंभर एकरांचे आणि मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानाचे धनी, सगळ्या निवडणुकांत स्टेजवर. हनुमाननं वाणिज्याची पदवी रीतसर मान्यता असलेल्या कॉलेजातून घेतली होती. कॉलेज मात्र त्यानं परीक्षेपुरतंच पाहिलं होतं. हे तो स्वतःच सांगे, लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नसे. पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. उज्ज्वलाला बघून तो उठला.

"झालं का गं ताई?"

"माझं न्हाई होत. तुझा नंबर लागंल आता."

हनुमाननं मान खाजवली, इकडंतिकडं बघितलं. "लई वाईट झालं बघ," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो दोन पावलं गेला आणि परत आला. "ताई, एक इचारू? आत कायबाय इचारतेत का? ते खेळतं भांडवल म्हणजे काय असतंय? पेपरात पण आलतं, मी तसंच सोडून दिलं."

गुरुजींना वाटलं, आता ही त्याच्या कानफटात तरी देईल नाहीतर रडेल. उज्ज्वला भिंतीला टेकली.

"तुमी मोंढ्यात माल घेताव," ती म्हणाली. "घेतल्यावर तो इकायला पंधरा दिवस लागत्यात. त्या पंधरा दिसात हमाल, टेम्पो, चहापाणी, समदं चालायला हातात पैसा लागतो का न्हाई? तो पैसा. जमिनीत घातलेला न्हाई, दुकानाच्या भिंतीत घातलेला न्हाई. फिरता. गटातल्या बायका पापड लाटत्यात तवा पीठ आनायला जो लागतो, तो."

"आता डोक्यात शिरलं," हनुमान म्हणाला. "असं कुनी सांगितलंच न्हाई कालिजात." आणि तो आत गेला.

गुरुजी ऐकत होते. आजवर त्यांनी कितीतरी जणांना शिकवताना पाहिलं होतं. यापेक्षा नीट सांगितलेलं त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी शिरूरला तानाजीच्या दुकानात गेले. तानाजीनं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"गुरुजी, मी खोटं कुठं बोललो? मान्यता हाय का म्हणून तुमी इचारलं. म्या दाखवली. कुनाची पायजे, ते तुमी बोललाच न्हाईत. सरकारी नोकरीला चालंल, असं त्या पुस्तकात कुठंच लिवलेलं न्हाई. बघा वाचून."

"तुला माहीत होतं?"

"मला कमिशन माहीत होतं." तानाजीनं नजर चुकवली नाही. "आन् एक सांगू का? रतनकाकूला मला समजावताच आलं नसतं. बाई उठून चालली होती. तुमी बसवलं तिला."

गुरुजींची नजर भिंतीवर गेली. तिथं एक फ्लेक्स लावला होता. केंद्राचं नाव, विद्यापीठाचं नाव, आणि एका कोपऱ्यात गुरुजींचा फोटो. उज्ज्वला बारावी झाली तेव्हा गावानं केलेल्या तिच्या सत्काराच्या वेळचा.

"हे काढ," ते म्हणाले.

"काढतो की. पन आता काढून काय उपेग? तेरा जनांनी नाव घातलंय त्याच्यावर. भागवत गुरुजींनी कागद बघितलेत म्हणलं, की मानूस पुढं काय इचारीतच न्हाई. शाळेत तुमीच सवय लावली आमाला." यात टोमणा होता की नाही, हे तानाजीच्या तोंडावरून कळत नव्हतं. चहा आला. गुरुजींनी तो घेतला नाही.

तिथून एसटीनं गेवराईवरून गुरुजी उमापूरला उतरले, तेव्हा दुपार कलली होती. म्हाळू आणि उज्ज्वला आदल्या दिवशी बीडहून थेट तिकडंच गेली होती. कापूस उपटून मोकळ्या झालेल्या एका रानात बिऱ्हाड उतरलं होतं. घोडं खुंट्याला, कोकरं डालग्याखाली, मोठी मेंढरं म्हाळूबरोबर चरायला गेलेली. रतनबाई दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून बसली होती. तिनं पदर सावरला.

"या गुरुजी. उनाचं कशापायी आलाव?"

गुरुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ती आता काही आठवेना.

"रतनबाई, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, शिक्का मारणारे हे कोण. तुमचा प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं ते चुकीचं होतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

रतनबाईनं डालग्याखाली ओरडणाऱ्या कोकराकडे बघितलं.

"तवा तुमी लई चांगलं समजावून सांगितलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "मला समदं समजलं होतं."

तिनं रागानं म्हटलं असतं तर गुरुजींना सोसलं असतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला, उठता येईना, तेव्हा बसल्या जागेवरूनच हाक मारली, "उज्जे, गुरुजींस्नी पानी दे."

उज्ज्वला लिंबाखाली होती. मांडीवर वही, हातात मोबाइल. तिनं तांब्या आणून दिला.

"मी विचार केला," गुरुजी म्हणाले. "मान्यता असलेल्या ठिकाणी पुन्हा नाव घालू. मुक्त विद्यापीठ आहे, बाकीची आहेत. खर्च माझा. तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत. तू यादी काढ, मी बघतो एकदा—"

"बघितली मी, गुरुजी." तिनं वही मिटली. "काल गाडीतच बघितली. नाव घालीन मी. कधी, ते आईच्या गुडघ्यांवर हाय."

यापुढं तिचे कागद गुरुजींकडे येणार नाहीत, हे तिनं सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

"मग आता काय करतेस?"

"तानाजीच्या दुकानात नाव घातलेल्यांचे नंबर आमच्या कोर्सच्या ग्रुपातनं मिळवलेत. तेरा जन हायेत. त्यातल्या पाच जनांची अजून दोन-दोन वर्षं ऱ्हायलीत, ते तरी आत्ताच सुटतील." तिनं वहीचा कोपरा दुमडला. "तुमचं नाव सांगावं लागतंय, गुरुजी. त्याशिवाय कुनी ऐकत न्हाई. म्हनत्यात, गुरुजींनी बघितलंय, तू कोन?"

"सांग," गुरुजी म्हणाले. "सांगायलाच पाहिजे."

तिनं मोबाइल उचलला आणि वहीत बघून पुढचा नंबर लावला. गुरुजी तांब्या हातात धरून बसून राहिले.

"हॅलो, वच्छलाबाई का? मी उज्ज्वला बोलते, म्हाळू धनगराची. तुमच्या सिदूच्या डिग्रीचं सांगायचं होतं. ती चालत न्हाई... न्हाई, कुठंच न्हाई. काल बीडला जाऊन आलतो आमी... हां. हां, गुरुजींनीच बघितले होते कागद... न्हाई बाई, खोटं कावून सांगू? हितंच बसलेत ते. द्यायचा का त्यांना?"

तिनं मोबाइल गुरुजींपुढं धरला. पलीकडून वच्छलाबाईचा आवाज येत होता, "गुरुजी, ही पोरगी काय बोलतीय? तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

गुरुजींनी मोबाइल कानाला लावला.